‘जाऊ दे’ म्हणण्याआधी: कामाच्या ठिकाणचा छळ आणि भेदभाव, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बरीच वर्षं मी वेगवेगळ्या कार्यालयांच्या आणि कारखान्यांच्या अंतर्गत समित्यांवर, म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समित्यांवर, बाहेरची सदस्य म्हणून काम करते आहे. प्रशिक्षण संपतं, लोक पांगतात, आणि मग कुणीतरी बाजूला येऊन हळू आवाजात म्हणतं, ‘मॅडम, एक विचारायचं होतं. माझ्या मैत्रिणीचं आहे.’ खालचे प्रश्न बहुतेक असेच आलेले आहेत. विचारणाऱ्या बायकांमध्ये मला एक गोष्ट सारखी दिसते: त्यांना उशीर झालेला असतो. तक्रार करायला कायद्याने दिलेली मुदत तीन महिन्यांची आहे आणि त्यातला बराचसा काळ घरच्यांकडून, मैत्रिणींकडून, कधी खुद्द एचआरकडून ‘जाऊ दे’ ऐकण्यात निघून जातो. म्हणून हे सगळं एका जागी लिहिते आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी तक्रार लिहिण्याचा आणि मुदतीचा प्रश्न आधी वाचावा.

लैंगिक छळ नक्की कशाला म्हणायचं?

2013 च्या कायद्यात, ज्याला सगळे ‘पॉश कायदा’ म्हणतात, त्यात पाच गोष्टी सांगितल्या आहेत. अंगाला हात लावणं किंवा तसा प्रयत्न करणं, शरीरसंबंधाची मागणी किंवा विनंती करणं, लैंगिक अर्थाचे शेरे मारणं, अश्लील चित्रं किंवा व्हिडिओ दाखवणं, आणि याखेरीज लैंगिक स्वरूपाचं कुठलंही नकोसं वागणं, मग ते कृतीतून असो, शब्दांतून असो की नुसत्या हावभावांतून.

या पाचव्यातला ‘नकोसं’ हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा. तिला ते नको होतं का, हा पहिला प्रश्न. त्याच्या मनात काय होतं, हा नंतरचा.

शिवाय ‘माझं ऐकलंस तर बढतीचं बघतो’ असं सुचवणं, ‘कराराचं नूतनीकरण माझ्या हातात आहे’ अशी धमकी देणं, काम करणं अवघड होईल असं वातावरण तयार करणं, तब्येतीवर किंवा सुरक्षिततेवर परिणाम होईल अशी अपमानास्पद वागणूक देणं, हे लैंगिक वर्तनाशी जोडलेलं असेल तर तेही छळातच मोडतं. धमकी स्पष्ट शब्दांत दिलेली असायला हवी, असंही नाही. नुसतं सूचित केलेलं पुरतं.

त्याने मला हातही लावलेला नाही. मग तक्रार होऊ शकते का?

होऊ शकते. 1999 मध्येच सर्वोच्च न्यायालयाने एका निर्यात प्रोत्साहन परिषदेतल्या अधिकाऱ्याच्या प्रकरणात सांगितलं की प्रत्यक्ष स्पर्श झाला नाही एवढ्यावरून माणूस सुटत नाही. रात्री साडेअकराला येणारे ‘झोपलीस का’ असे मेसेज, मीटिंगमध्ये कपड्यांवरून मारलेला शेरा, व्हिडिओ कॉलवर ‘कॅमेरा जरा खाली कर’ असं सांगणं, ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेले द्व्यर्थी विनोद, हे सगळं समितीपुढे येऊ शकतं आणि येतंही.

‘मी गंमत केली, तिनेच मनाला लावून घेतलं.’ याला काय उत्तर?

समितीसमोर हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं आहे की आता मी समोरच्याला एकच विचारते: हीच गंमत तुम्ही तुमच्या साहेबांच्या बायकोशी, त्यांच्यासमोर केली असती का? बहुतेक वेळा खोलीत शांतता पसरते. गंमत कुणाशी करायची हे माणूस नीट निवडतो. जिची नोकरी आपल्या शेऱ्यावर अवलंबून आहे, जी नवीन आहे, जी एकटी आहे, तिच्याशीच तो करतो.

ती आधी हसली होती, त्याच्याबरोबर चहालाही गेली होती. मग आता तक्रार कशी?

वरिष्ठ बोलला की माणूस हसतो, ती नोकरीची सवय आहे. तेवढ्याने तिची संमती होत नाही. आणि आधी मैत्री किंवा अगदी प्रेमसंबंध असला तरी, नको म्हटल्यानंतरचं वागणं वेगळं तपासलं जातं.

हा कायदा आला कुठून?

राजस्थानातल्या भटेरी गावातून. भंवरी देवी तिथे राज्य सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’, म्हणजे गावपातळीवरच्या कार्यकर्त्या, होत्या. बालविवाह थांबवणं हा त्यांच्या कामाचा भाग होता, आणि त्या कामापायी 1992 मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्या नोकरीवर होत्या, नोकरीचंच काम करत होत्या, आणि तरी त्यांच्या सुरक्षिततेची जबाबदारी कुणाचीच नव्हती. महिला संघटना ‘विशाखा’ या नावाने सर्वोच्च न्यायालयात गेल्या. 13 ऑगस्ट 1997 रोजी न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली आणि संसद कायदा करेपर्यंत तीच कायदा म्हणून पाळावीत असं सांगितलं.

संसदेला त्यानंतर जवळपास सोळा वर्षं लागली. मधल्या काळात ही तत्त्वं कागदावरच राहिली आहेत हे न्यायालयापुढे आणण्यात पुण्याच्या ‘आलोचना’ संस्थेच्या मेधा कोतवाल लेले यांचा मोठा वाटा आहे. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात 2012 मध्ये न्यायालयाने राज्यांना पुन्हा आदेश दिले. कायदा 9 डिसेंबर 2013 पासून लागू झाला. प्रशिक्षणात मी हा भाग कधी गाळत नाही. ‘परदेशी कंपन्यांचं फॅड’ समजणारा कुणी ना कुणी समोर बसलेला असतोच, आणि त्याला कळायला हवं की ही गोष्ट एका खेड्यात, गावोगाव फिरून काम करणाऱ्या बाईपासून सुरू झाली.

मी कंत्राटी आहे. मला हे लागू आहे का?

आहे. कायम, हंगामी, कंत्राटी, रोजंदारी, शिकाऊ, इंटर्न, बिनपगारी स्वयंसेवक, सगळ्यांना. इतकंच काय, तुम्ही तिथे नोकरीला असायलाही हवं असं नाही. बँकेत आलेली ग्राहक, इस्पितळातली रुग्ण, मुलाखतीला आलेली उमेदवार हीसुद्धा तक्रार करू शकते.

कामाची जागा म्हणजे नुसतं तुमचं टेबल नव्हे. कामानिमित्त जिथे जिथे जावं लागतं ते सगळं त्यात येतं: साइट, ग्राहकाचं कार्यालय, प्रशिक्षणाचं हॉटेल, कंपनीने ठेवलेली गाडी. घरून काम करत असाल तर स्क्रीनवर जे घडतं तेही.

त्रास देणारा दुसऱ्या कंपनीचा किंवा दुसऱ्या खात्याचा असेल तर? तरीही तुम्ही तुमच्या स्वतःच्या कार्यालयातल्या समितीकडे जाऊ शकता. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. त्याच्या कार्यालयाच्या दारात जाऊन उभं राहण्याची सक्ती तुमच्यावर नाही.

मी चार घरी स्वयंपाक आणि धुणी-भांडी करते. मला कुठली समिती?

स्थानिक समिती. ती प्रत्येक जिल्ह्यात असायला हवी. कायद्यात घरकाम करणाऱ्या बाईचा उल्लेख नाव घेऊन केलेला आहे आणि घर हेही कामाचं ठिकाण मानलं आहे. तुमच्या तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर समितीने सात दिवसांच्या आत ती पोलिसांकडे गुन्हा नोंदवण्यासाठी पाठवायची असते. जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा. तालुक्याला किंवा शहराच्या प्रभागात तक्रार स्वीकारणारा समन्वय अधिकारी नेमलेला असतो, त्याने ती सात दिवसांत पुढे पाठवायला हवी.

ही माहिती या बायकांपर्यंत पोचलेलीच नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुम्ही हे वाचत असाल आणि तुमच्या घरी कुणी कामाला येत असेल, तर तिला हे सांगा.

अंतर्गत समिती कुठे असते, आणि तिच्यात कोण असतं?

दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील अशा प्रत्येक ठिकाणी ती असावीच लागते, आणि प्रत्येक शाखेत वेगळी. अध्यक्ष ही वरिष्ठ पदावरची स्त्री. कर्मचाऱ्यांपैकी किमान दोन सदस्य. एक सदस्य बाहेरचा, स्वयंसेवी संस्थेतला किंवा या विषयाची जाण असलेला. एकूण सदस्यांत निम्म्या तरी स्त्रिया हव्यात. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं.

आता प्रत्यक्षातलं सांगते. एका कारखान्यात मी प्रशिक्षणाला गेले तेव्हा विचारलं, समितीच्या सदस्यांची नावं कुठे लावली आहेत? व्यवस्थापक मला जिन्याखाली घेऊन गेले. तिथे फळा होता, पण समोर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची चळत रचलेली. खुर्च्या हलवल्या तर कागद पिवळा पडलेला, आणि अध्यक्ष म्हणून ज्यांचं नाव होतं त्या दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या. फोन नंबरही त्यांचाच. त्या दोन वर्षांत एकही तक्रार आली नाही, असं ते अभिमानाने सांगत होते. तक्रार यायची तरी कुठून?

म्हणून तुमच्याकडचा फळा आजच बघून ठेवा. गरज नसताना बघून ठेवा, कारण गरज पडते तेव्हा हात थरथरत असतात.

आमच्याकडे सातच माणसं आहेत. किंवा, त्रास मालकच देतो आहे.

दोन्ही बाबतींत स्थानिक समितीकडे जा. केंद्र सरकारच्या ‘शी-बॉक्स’ या पोर्टलवरूनही तक्रार करता येते, ती संबंधित समितीकडे पाठवली जाते. कागदावर समित्या असतात आणि प्रत्यक्षात नसतात, हे सर्वोच्च न्यायालयानेही पाहिलं आहे. मे 2023 मध्ये गोव्याच्या एका प्रकरणात आणि पुन्हा डिसेंबर 2024 मध्ये त्याच प्रकरणात, प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा अधिकारी आणि समित्या आहेत की नाही हे तपासण्याचे आणि नसतील तिथे नेमण्याचे आदेश दिले गेले. तेव्हा ‘आमच्या जिल्ह्यात अशी समितीच नाही’ असं कुणी म्हणालं तर ते लेखी मागा.

तक्रार कशी लिहायची?

साध्या मराठीत, साध्या कागदावर. वकिलाची भाषा लागत नाही. मला आठवणारी सगळ्यात चांगली तक्रार वहीच्या रेघांच्या पानावर, निळ्या शाईने लिहिलेली होती. पॅकिंग विभागातल्या एका बाईने लिहिलेली. तिने विशेषणं वापरलीच नव्हती. ‘मंगळवारी दुसऱ्या पाळीत, चहाच्या सुट्टीच्या आधी, मी तीन नंबरच्या मशीनजवळ खोके मोजत होते. ते मागून आले.’ मग काय बोलले ते त्यांच्याच शब्दांत, अवतरण चिन्हं घालून. मग ‘मी काही बोलले नाही, माझा आकडा चुकला, पुन्हा मोजलं.’ त्या चुकलेल्या आकड्याची खाडाखोड त्या दिवशीच्या रजिस्टरात सापडली. समितीने रजिस्टर मागवलं आणि खाडाखोड पाहिली, तेव्हा खोलीतल्या कुणाला आणखी काही विचारावंसं वाटलं नाही.

म्हणजे काय लिहायचं? कधी, कुठे, कोण, काय बोललं किंवा केलं, आसपास कोण होतं, तुम्ही त्यानंतर काय केलंत, कुणाला सांगितलंत. एकापेक्षा जास्त प्रसंग असतील तर तारखेच्या क्रमाने. जे शब्द लिहायला लाज वाटते तेच शब्द लिहा. ‘घाणेरडं बोलले’ एवढ्यावर समितीला काही ठरवता येत नाही. तो माणूसही तेवढ्याचाच फायदा घेतो.

नियमाप्रमाणे तक्रारीच्या सहा प्रती, सोबत कागदपत्रं आणि साक्षीदारांची नावं-पत्ते द्यायचे असतात. एक प्रत स्वतःकडे ठेवा आणि तिच्यावर पोच घ्या: सही, तारीख, शिक्का. ईमेल केलीत तर ती वैयक्तिक खात्यावरही ठेवा, कारण ऑफिसचं खातं एका सकाळी बंद होऊ शकतं.

लिहिता येत नसेल तर लिहून घेण्यात मदत करणं ही समितीचीच जबाबदारी आहे. शारीरिक असमर्थतेमुळे स्वतः तक्रार देता येत नसेल तर नातेवाईक, मैत्रीण किंवा सहकारी ती देऊ शकतात.

आणि तक्रार करायची की नाही हे ठरलेलं नसलं तरी पहिल्या दिवसापासून लिहून ठेवा. मोबाइलमध्ये नाही, वहीत. मेसेज, कॉलची नोंद, ईमेल पुसून टाकू नका. राग येतो, किळस येते, सगळं डिलीट करावंसं वाटतं, हे मी समजू शकते. तरीही स्क्रीनशॉट घेऊन विश्वासातल्या माणसाकडे पाठवा.

मुदत किती? माझी उलटून गेली असेल तर?

घटनेपासून तीन महिने. प्रसंगांची मालिका असेल तर शेवटच्या प्रसंगापासून तीन महिने. उशिराचं कारण पटलं तर समिती, ते कारण नोंदवून, आणखी जास्तीत जास्त तीन महिने वाढवू शकते. आजारपण, मानसिक धक्का, धमक्या, समितीच अस्तित्वात नसणं, जे खरं असेल ते लिहा.

पण सहा महिन्यांपलीकडे ही वाट फार अरुंद होते, आणि हे मी गोड शब्दांत सांगणार नाही. एका विद्यापीठातल्या प्राध्यापिकेचं प्रकरण 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलं. छळाचा शेवटचा प्रसंग एप्रिल 2023 चा, तक्रार डिसेंबर 2023 ची. मधल्या काळात त्यांना पदावरून दूर केलं गेलं होतं, पण ती प्रशासकीय कारवाई आहे, छळाचा पुढचा प्रसंग नव्हे, असं न्यायालय म्हणालं आणि तक्रार मुदतबाह्य ठरली. त्याच निकालात न्यायालयाने असंही म्हटलं की घटना माफ करता येईल पण विसरता येणार नाही, आणि हा निकाल, ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती त्या अधिकाऱ्याच्या बायोडेटाचा भाग असेल असा आदेश दिला. तरी तिच्या तक्रारीची चौकशी झाली नाही ती नाहीच.

म्हणून ‘वार्षिक मूल्यांकन होऊ दे, मग बघू’ किंवा ‘दिवाळीचा बोनस हातात पडू दे’ असा विचार करत असाल तर कॅलेंडर समोर ठेवून करा. समितीची मुदत गेली तरी पोलिसांकडे जाण्याचा रस्ता वेगळा आहे, त्याचं पुढे.

तिथे कुणीच नव्हतं. पुरावा नाही. कोण विश्वास ठेवेल?

असे प्रकार चार लोकांसमोर फार कमी वेळा होतात, हे समितीला माहीत असतं. फौजदारी खटल्यात लागतो तसा ‘संशयापलीकडचा’ पुरावा इथे लागत नाही. दोघांच्या सांगण्यात कुणाचं म्हणणं अधिक संभाव्य वाटतं, हे पाहिलं जातं. त्याच संध्याकाळी तुम्ही बहिणीला फोन केलात, दुसऱ्या दिवशी रजा टाकलीत, पाळी बदलून मागितलीत, डॉक्टरकडे गेलात, या सगळ्या गोष्टी बोलतात. तुमचं स्वतःचं सुसंगत निवेदन हाही पुरावाच आहे.

चौकशीत काय होतं? मला त्याच्यासमोर बसावं लागेल का?

तक्रार आल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत त्याला प्रत दिली जाते. त्याने दहा कामकाजाच्या दिवसांत लेखी उत्तर द्यायचं. मग दोघांचं आणि साक्षीदारांचं म्हणणं नोंदवतात. चौकशी 90 दिवसांत पुरी व्हायला हवी, अहवाल त्यानंतर दहा दिवसांत, आणि मालकाने शिफारशींवर 60 दिवसांत कारवाई करायची. वकील दोघांनाही आणता येत नाही. समितीला कागदपत्रं मागवण्याचे आणि साक्षीदारांना बोलावण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत.

त्यालाही आपली बाजू मांडण्याची आणि प्रश्न विचारण्याची संधी द्यावी लागते. ती दिली नाही तर वरच्या न्यायालयात सगळी चौकशीच रद्द होऊ शकते, म्हणून चिडू नका. पण प्रश्न लेखी घेऊन समितीमार्फत विचारता येतात. समोरासमोर बसायचं नसेल तर तसं आधीच लेखी कळवा. आम्ही असं अनेकदा केलं आहे.

चौकशी चालू असताना लेखी मागणी करून तीन महिन्यांपर्यंतची जादा रजा मिळू शकते, दोघांपैकी एकाची बदली होऊ शकते, आणि तुमचा गोपनीय अहवाल लिहिण्यापासून त्याला रोखता येतं. बदलीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तिने मागितली नसेल तर तिची करू नका. ‘तुझ्या भल्यासाठीच’ म्हणून तिला दुसऱ्या शाखेत टाकलं की बाकीच्यांना कळतं, इथे बोललं की जागा जाते.

समजुतीने मिटवता येतं का?

येतं, पण फक्त तुम्ही मागितलं तर, आणि चौकशी सुरू होण्याआधी. पैसे घेऊन मिटवणं कायद्याला मान्य नाही. लेखी माफी, पुन्हा असं न करण्याची हमी, वेगळ्या विभागात काम, अशा अटी घालता येतात. समितीनेच ‘मिटवून टाका ना’ असा लकडा लावला असेल तर तो तुमच्या तक्रारीत नोंदवा.

तक्रार सिद्ध झाली नाही तर मलाच शिक्षा होईल का?

नाही. सिद्ध न होणं वेगळं आणि जाणूनबुजून खोटं बोलणं वेगळं. कायद्याने हे स्वच्छ लिहिलं आहे: केवळ पुरावा देता आला नाही म्हणून तक्रारदारावर कारवाई होऊ शकत नाही. तक्रार दुष्ट हेतूने केली हे वेगळ्या चौकशीने ठरावं लागतं. ‘खोट्या तक्रारीची शिक्षा’ हे कलम प्रशिक्षणात सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्या अक्षरात दाखवणाऱ्या व्यवस्थापनांना मी दर वेळी सांगते, हे पान मागे घ्या.

माझं नाव बाहेर येईल का?

येता कामा नये. तक्रारदार, समोरचा माणूस, साक्षीदार यांची नावं-पत्ते, चौकशीतला मजकूर आणि समितीच्या शिफारशी उघड करण्यास मनाई आहे, वर्तमानपत्रांनासुद्धा. समितीच्या माणसाने ही माहिती फोडली तर 5,000 रुपये दंड आहे. रक्कम अगदीच थोडी आहे, आणि कार्यालयात कुजबुज व्हायची ती होते. पण कुजबुज कुणी सुरू केली हे कळलं तर तेही लेखी द्या.

पोलिसांकडे जाऊ की समितीकडे?

दोन्हीकडे जाता येतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 75 हे लैंगिक छळाचं आहे. स्पर्श, मागणी, अश्लील साहित्य दाखवणं यासाठी तीन वर्षांपर्यंत, लैंगिक शेऱ्यांसाठी एक वर्षापर्यंत कैद. पाठलाग, चोरून पाहणं किंवा चित्रण, बलात्कार यांची कलमं वेगळी. तुम्हाला गुन्हा नोंदवायचा असेल तर त्यात मदत करणं हे मालकाचं कायदेशीर कर्तव्य आहे. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन 181.

समितीच्या निर्णयावर 90 दिवसांत अपील करता येतं, तुम्हालाही आणि त्यालाही.

पुरुषाला किंवा तृतीयपंथी व्यक्तीला त्रास झाला तर?

पॉश कायद्यात तक्रारदार स्त्रीच असू शकते. त्रास देणारा मात्र कुणीही असू शकतो, स्त्रीसुद्धा. कोलकाता उच्च न्यायालयाने 2020 मध्ये तसं म्हटलं आहे. पुरुषांसाठी कंपनीचे वर्तणूक नियम आणि फौजदारी कायदा हे मार्ग उरतात. काही संस्थांनी आपलं धोरण सर्वांसाठी खुलं ठेवलं आहे, मला ते योग्य वाटतं. तृतीयपंथी व्यक्तींसाठी 2019 चा स्वतंत्र कायदा आहे. नोकरीत भेदभावाला मनाई, आणि प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमण्याची सक्ती त्यात आहे.

लैंगिक नाही, पण भेदभाव आहे. कुठे जायचं?

इथे एकच दार नाही, हीच अडचण आहे. कशावरून भेदभाव होतो आहे ते आधी ठरवावं लागतं.

गरोदरपण असेल तर: पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा हा हक्क आहे, आणि त्या रजेत कामावरून काढणं बेकायदा आहे. ‘लग्न कधी, मूल कधी’ हा मुलाखतीतला प्रश्न मी स्वतः तीनदा ऐकला आहे, तरुणपणी. त्याचं उत्तर देण्याची सक्ती नाही, पण नोकरीची गरज असलेली मुलगी ते देते, म्हणून तो प्रश्न विचारणाऱ्यानेच सोडायला हवा. समान कामाला समान वेतन हे तत्त्व 1976 पासून कायद्यात आहे. आता ते वेतन संहितेत आहे, आणि त्यासाठी कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जायचं.

अपंगत्व असेल तर 2016 चा कायदा आणि दिव्यांग आयुक्त. रॅम्प, स्क्रीन रीडर, बसण्याची सोय यांना कायद्यात हक्काचं स्थान आहे, हे लक्षात ठेवून मागा.

जात. याबद्दल कार्यालयात बोलणंच टाळलं जातं. आडनाव विचारून झाल्यावर ‘नाही, म्हणजे मूळचे कुठले?’ असा दुसरा प्रश्न येतो, डब्याच्या टेबलावर जागा हलते, ‘तुम्हाला काय, कोट्यातून’ असा शेरा पडतो. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचा जातीवरून, लोकांच्या नजरेसमोर, जाणूनबुजून केलेला अपमान 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. ‘लोकांसमोर’ ही अट महत्त्वाची, म्हणून तेव्हा कोण हजर होतं त्यांची नावं लिहून ठेवा. बाई असेल आणि जातीवरून लैंगिक शेरे मारले असतील तर दोन्ही गोष्टी तक्रारीत लिहा, एक गाळून दुसरी नको.

साहेब सगळ्यांवरच ओरडतात. हा छळ आहे का?

आहे. पण लैंगिक किंवा वर सांगितलेला भेदभाव नसेल तर त्यासाठी वेगळा कायदा आपल्याकडे नाही. सेवा नियम, स्थायी आदेश, युनियन, एचआर, एवढंच. एकट्याने जाण्यापेक्षा चौघांनी एकाच कागदावर सह्या करा.

मी छोटा उद्योग चालवतो. मी काय करायला हवं?

समिती नेमा, नावं बायकांच्या स्वच्छतागृहाजवळ लावा, जिथे उभं राहून वाचताना कुणी पाहत नाही. वर्षातून एकदा तरी प्रशिक्षण, तेही पाळीच्या वेळेत, सुट्टीच्या दिवशी नको. वार्षिक अहवाल जिल्हा अधिकाऱ्यांकडे. समितीच नसेल तर 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे, पुन्हा चूक झाली तर दुप्पट आणि परवाना रद्द होण्यापर्यंत जाऊ शकतं. आणि एक कृपा करा: कामाला सगळ्यात उपयोगी असलेला माणूस दोषी ठरला तर शिफारस टेबलावर पडू देऊ नका. तुमच्याकडचं प्रत्येक माणूस त्या कागदाकडे बघत असतं.

माझ्यासमोर घडलं. मी सहकारी आहे. मी काय करू?

‘जाऊ दे’ म्हणू नका. बाकी तुम्हाला जमेल ते करा. त्या क्षणी मध्ये पडणं जमलं तर उत्तम. ‘सर, ती फाइल सापडत नाही’ म्हणून आत शिरणंही पुरतं. नंतर तिला एकटीला गाठून सांगा, मी पाहिलं. तारीख, वेळ, शब्द तुम्हीही लिहून ठेवा आणि तिला सांगा की लिहून ठेवले आहेत. तक्रार करायची की नाही हे तिने ठरवायचं आहे. तिला विचारल्याशिवाय चार जणांत बोलू नका.

त्या पॅकिंगमधल्या बाईबरोबर तिच्याच पाळीतली एक जण आली होती. साक्षीदार नव्हती, तिने काही पाहिलेलं नव्हतं. तीन सुनावण्यांना ती आपली रजा टाकून आली आणि बाहेरच्या बाकावर दोघींच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसली. दार उघडलं की आतून बाहेर येणाऱ्या बाईची नजर आधी त्या बाकाकडे जायची.